मराठी फोनवाल्यांची यादी

"आडनाव काय तुजं?"

पाणीवापर संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीसेक माणसं बसली होती. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी होते. खुर्ची सरांना मिळाली होती. सर म्हणजे बारामतीतल्या ज्या छोट्या कंपनीत मी मोबाइल अ‍ॅपचं काम करायचे, तिचे मालक. समोर संस्थेचे चेअरमन. त्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणायचे.

मी एवढंच म्हणाले होते, "आबा, वस्तीतल्या अकरा घरांचे पाण्याचे अर्ज यादीत नाहीत. त्यांनी भरलेत. मला तपासायला वेळ द्या."

आबांनी त्यावर आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"मग बरोबर," आबा म्हणाले.

बस, एवढंच. शेड हसलं. मागून कुणीतरी बोललं, "घरची मानसं वर घुसवायला आलीय." सर ताडकन उठले. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी हात जोडले. "नवीन आहे, आबा. मी समजावतो तिला."

दोन वर्षं झाली होती मला त्यांच्याकडे. नवीन कसली?

मग चहा आला. सगळ्यांना मिळाला आणि माझ्यापर्यंत येईतो ट्रे रिकामा झाला. विसरले असतील. हे 'असतील' आमच्या घरात फार जुनं आहे. पाटकऱ्याच्या वहीतून नाव गळायचं तेव्हाही आई असंच म्हणायची. विसरला आसंल.

पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणारा माणूस. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीवर आहे आणि आमच्या वस्तीची रानं त्या चारीच्या अगदी शेवटाला. पूर्वी पाण्यासाठी सात नंबरचा कागदी अर्ज भरून पाटकऱ्याकडे द्यायचा. ज्याचा अर्ज आधी, त्याची पाळी आधी. मी शाळेत असताना आईबरोबर अर्ज द्यायला जायचे. पाणी सुटलं की पाटकरी वही चाळायचा आणि आईला विचारायचा, "दिला व्हता का नक्की?" आई म्हणायची, दिला व्हता. तो म्हणायचा, "मग गेला कुठं?" जणू अर्ज आईनंच खाल्ला. आम्ही मान खाली घालून परत यायचो. तोवर चारी कोरडी पडलेली असायची.

म्हणून संस्थेनं अर्जासाठी अ‍ॅप करायचं ठरवलं आणि ते काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा माझ्याइतकं कुणीच खूश नव्हतं. इंग्रजीतलं अ‍ॅप मराठीत आणायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. प्रत्येक शब्द मी आईला वाचून दाखवला. तिला कळला तर ठेवला, नाहीतर बदलला. अ‍ॅप सुरू झालं त्या रविवारी मी वस्तीत घरोघर गेले. आमच्या बायकांचे फोन इंग्रजीत असायचे, दुकानदारानं दिले तसे. त्या हिरवं बटण दाबून फोन घ्यायच्या, लाल दाबून ठेवायच्या, संपला विषय. मी प्रत्येक फोनची भाषा मराठी करून दिली. सुमनमावशी पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचत बसली होती. तिला आकडे फक्त मराठीच येतात.

"आता पाटकरी नाही, वही नाही," मी सांगितलं. "यंत्राला आडनाव कळत नाही."

हे मी माझ्या तोंडानं सांगितलं.

अर्ज सुरू झाले त्याच दिवशी सकाळी अकराही घरांनी ते भरले. यादी आली आणि अकरापैकी एकही नाव नाही. उन्हाळी आवर्तन होतं, म्हणजे उन्हाळ्यातली पाण्याची पाळी. आईचा मका तुऱ्यावर आलेला. या वेळी पाणी चुकलं की पुढचं महिन्यानं, आणि तोवर मक्याच्या जागी नुसता कडबा. म्हणून मी संस्थेत गेले होते. आबांनी शेवटी सुनावलं, "शुक्रवारी यादी वाचनार. त्यात नाव न्हाय त्याला पानी न्हाय." तो मंगळवार होता.

घरी आले. अंगाची नुसती लाही झाली होती. वाटलं, आबांनी नावं काढली. मग वाटलं, सरांनी काढून दिली असतील. एकदा मनात पाल चुकचुकली की ती कुणालाच सोडत नाही. आई चुलीपुढं होती. मी विचारलं, "आई, तू अर्ज नीट भरलास का?"

"व्हय."

"शेवटचं बटण दाबलंस? का मधेच फोन बंद केलास?"

"दाबलं. हिरवी खून आली. सुमनला पन दावली मी."

"नीट आठव. नक्की दाबलंस?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तू बी तसंच इचारतीयास," ती म्हणाली. "पाटकरी इचारायचा तसं."

मी जागच्या जागी मेले. शेडमध्ये आबांसमोर माझी मान खाली गेली नव्हती, ती चुलीपुढं गेली. दोन बुकं शिकून मीही आधी आईलाच चोर ठरवलं होतं. यंत्रावर, सर्व्हरवर, स्वतःच्या कामावर संशय घ्यायचं मला सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन घेऊन बांधावर बसले. तिच्या नावानं परत अर्ज भरला. हिरवी खूण आली. लॅपटॉपवर संस्थेची यादी उघडली. नाव नाही. मग फोनची भाषा इंग्रजी केली, बाकी काही न बदलता तोच अर्ज भरला. हिरवी खूण. आणि यादीत सगळ्यात खाली आईचं नाव. तो अर्ज चाचणीचा होता, मी तो यादीतून पुसला. पुन्हा मराठी. नाव गायब. सहा वेळा करून पाहिलं. सुटल्यासारखं वाटलं. आई खरं बोलत होती.

दुपारच्या एसटीनं बारामतीला ऑफिसात गेले आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. चूक अगदी साधी होती. फोन मराठीत असला की अर्जाची तारीख मराठी आकड्यांत जायची. सर्व्हरला फक्त इंग्रजी आकडे कळायचे. ज्या अर्जाची तारीख कळली नाही तो अर्ज सर्व्हर मुकाट्यानं बाजूच्या ढिगात टाकायचा. आणि सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच फोनवर हिरवी खूण उमटायची. गावातल्या बाकी बहुतेक घरांत फोन दुकानातून आले तसे इंग्रजीतच होते, पोरं बापाच्या नावानं अर्ज भरायची, त्यांचं सगळं सुरळीत. फोन मराठीत कुणाचे? ज्यांच्या फोनला मी हात लावला त्यांचे.

माझे चाचणीचे सोडले तर ढिगात चौदा अर्ज होते. अकरा वस्तीतले. तीन गावातल्या म्हाताऱ्यांचे, ज्यांनी फोन आपणहून मराठीत ठेवले होते, आणि त्यातला एक आबांच्या सख्ख्या चुलत्याचा. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

आणखी एक गोष्ट सापडली. अ‍ॅप सुरू व्हायच्या आधी मीच कामाच्या यादीत लिहिलं होतं, 'मराठी भाषेच्या फोनवर चाचणी बाकी आहे.' खाली सरांचा शेरा होता. 'गरज नाही. मराठीत फोन ठेवतं कोण?' काम बंद केलेलं.

मी नोंदींचा कागद छापून सरांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "तात्यांचा अर्ज हातानं आत घाल. आजच."

"आणि बाकीचे तेरा?"

"त्यांचं पुढच्या आवर्तनाला बघू. अहवालात 'वापरकर्त्याची चूक' लिही, खाली तुझी सही कर. आता चूक आपली म्हणालो तर कंत्राट जाईल."

"चूक माझ्या आईची नाही, सर."

"मी आईचं काही बोललो का?" सर म्हणाले. "तुम्ही लोक प्रत्येक गोष्ट तिकडंच नेता."

तुम्ही लोक. हे सर मला मुलीसारखं मानायचे. दर चौदा एप्रिलला सगळ्यांत आधी शुभेच्छांचा संदेश त्यांचा यायचा.

मी सही केली नाही. तात्यांचा अर्जही आत घातला नाही. तो एकटा आत गेला असता तर बाकीचे तेरा कायमचे खोटे ठरले असते.

शुक्रवारी शेड भरलं होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर यादी लावली होती. आमच्या वस्तीतल्या बायका दाराबाहेर उभ्या होत्या, आई त्यांच्यात. सरांनी मला बाहेरच अडवलं. "गप बस. मी सांभाळतो." मी आत गेले. तात्या पुढच्या बाकावर, नाव कधी येतंय म्हणून कान देऊन बसलेले. मी त्यांच्याजवळ गेले.

"तात्या, तुम्ही पाण्याचा अर्ज भरला होता?"

"भरला की. सोता भरला. हिरवी खून आली."

"इथं सगळ्यांसमोर परत भरा."

आबा म्हणाले, "हे काय लावलंय?" पण तात्यांनी फोन काढला होता. मराठी पेपर रोज पहिल्या ओळीपासून वाचणारा माणूस, फोनही मराठीत. बोट ओलं करून एकेक रकाना भरला. शेवटचं बटण दाबलं आणि फोन वर धरून सगळ्यांना दाखवला. हिरवी खूण.

"आता टीव्हीवर बघा," मी म्हणाले.

यादी नवी करून लावली. तात्यांचं नाव नव्हतं. परत लावली. नव्हतं.  

"तात्या, तुमी नक्की दाबलं का बटन?" आबांनी विचारलं.

म्हातारा भडकला. "आरं, मी काय खोटं बोलतोय का? तुज्या म्होरं दाबलं न्हवं?"

मी कागद वाचायला घेतला. चौदा नावं, प्रत्येकाचा अर्ज सर्व्हरवर पोचल्याचा दिवस आणि वेळ. आईचा अर्ज सगळ्या गावात तिसरा होता. मी तो आकडा दोनदा वाचला. मग सरांचा शेरा वाचला. सर "ते अंतर्गत आहे" म्हणत होते, मी वाचतच राहिले. शेवटी सांगितलं, "हे मी तपासलं आहे. माझं आडनाव तुम्हाला माहीत आहे."

आबांनी तात्यांकडं पाहिलं. मग कारकुनाला म्हणाले, "तात्यांचं नाव घाल."

"चौदाच्या चौदा घाला, आबा. नाहीतर हाच खेळ परत करून दाखवते. आता आईच्या फोनवर."

"घाल की रं समद्यांची," तात्याच ओरडले, आणि चौदा नावं आपापल्या जागी बसली.

सोमवारी आईच्या रानात पाणी आलं. मका तगला. गोष्ट इथं गोड करून संपवता आली असती. पण आबांनी "मग बरोबर" मागं घेतलं नाही. गावात बोललं गेलं की सिस्टीमची गडबड झाली, जणू सिस्टीम आभाळातून पडली होती. सरांनी आठवडाभरात सांगितलं, "तू दुसरीकडं बघ." आणि एक प्रश्न मला अजून पोखरतो. त्या ढिगात तात्या नसते तर? नुसती आमची अकरा नावं असती, तर आईनं शेडमध्ये बटण दाबून दाखवलं असतं आणि शेड पुन्हा हसलं असतं. पाणी आमच्या खरेपणावर आलं नाही. ते तात्यांच्या आडनावामागून आलं, हे मला कळतं.

यंत्राला आडनाव कळत नसेल. पण 'मराठीत फोन ठेवतं कोण?' असं लिहिणाऱ्या माणसाला ते कोण, हे खरंच माहीत नव्हतं? मला आजही शंका आहे.

आता मी दुसऱ्या ठिकाणी काम करते. पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत, आडनाव सांगून टाकलं. कुठलंही अ‍ॅप लोकांच्या हातात जाण्याआधी आईच्या फोनवर चालवून पाहते. हिरवी खूण आली तरी आतली नोंद उघडून बघते, आणि नोंद नसेल तर सही करत नाही, मग समोर कुणीही असो. सोबतचे म्हणतात, इतकं संशयी असणं बरं नाही. माझ्या आईनं उमेदीची सगळी वर्षं पाटकऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवण्यात घालवली, आणि पाणी दुसऱ्याच्या रानात जात राहिलं. मी संशय सोडणार नाही.