सुरुंगवाल्याने राखलेला कडा

"थांबा. आदी ऐकू द्या," असं म्हणून चाचा सुरुंग लावण्याआधी दगडावर हलकेच हातोडी मारत आणि कान लावत. मशिनं बंद, मजूर गप्प, आणि रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर म्हणून मी घड्याळाकडे बघत उभा. बऱ्याच वेळाने ते सांगत, "आतनं तडकलेलाच हाय. कमी दारूत व्हईल." त्यांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

चाचा भोरचे. चाळीस वर्षं सुरुंग लावून डावा कान गेला होता. "दगडाला एक कान बास," म्हणायचे. "दोन्ही लागतात ते माणसाला."

हिर्डोशीच्या पुढे आम्ही रस्ता रुंद करत होतो. एका सकाळी पोकलेनने डोंगराची माती ओढली आणि आतून दगडाचे खांब निघाले. सहा कोनांचे, एकमेकांना चिकटून उभे, तासून रचल्यासारखे. माणसाचा हात मात्र कधीच न लागलेले. चाचांनी हातोडी काढलीच नाही.

"भोकं घ्यायची ना?" मी विचारलं.

"न्हाई. ह्यो म्या न्हाई फोडणार."

ठेकेदार भडकला. "रस्ता इथूनच जाणार आहे, चाचा."

"मग दुसरा मानूस बघा. चार पावलं दरीकडं सरकला रस्ता, तर कुनाचं काय बिघडतंय?"

ठेकेदाराने त्यांना त्याच दुपारी काढून टाकलं. मला बोलता आलं असतं. मी नकाशात डोकं खुपसून बसलो. चाचा डबा घेऊन एसटीची वाट बघत होते.

सुरुंगाचा दुसरा परवानावाला मिळायला आठवडा लागणार होता. तिसऱ्या दिवशी मी मान खाली घालून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "फोटू काढलं का?"

काढले होते. ठेकेदाराच्या ऑफिसातले रस्त्याचे नकाशेही गुपचूप आणले होते. मग अर्ज लिहायला बसलो. "दगड लई इमानदार हाय, असं लिवा," ते म्हणाले. मी ते वाक्य गाळलं, त्यांनी परत घालायला लावलं. तालुक्याच्या कचेरीतला कारकून ते वाचून हसला, पण अर्ज साहेबांपुढे ठेवला, आणि त्यांनी तिथलं काम थांबवलं. गावाने ग्रामसभेत ठराव केला. पुण्याहून एक प्राध्यापक येऊन पाहून गेले. तापलेला लाव्हारस निवताना असा तडकतो, म्हणाले. दोन पावसाळे रस्त्याचा तेवढा तुकडा अडून राहिला. शेवटी रस्ता दरीकडे सरकला. चाचांना कामावर मात्र कुणी परत बोलावलं नाही.

एकदा मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी बोलला असता तर तुमी बी घरी. मग आतलं कागद कुनी आनलं असतं?" माझ्या भित्रेपणाला त्यांनी इतकं चांगलं कारण दिलं, की मला आणखीच लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. महिन्या-दोन महिन्यांनी चाचींचा निरोप आला, "ते खांब दाखवा." मी घेऊन गेलो. वाटेत त्या म्हणाल्या, "चाळीस वरसात त्यांचं काम बघाया मी कवा आलेच न्हाई. बघायचं काय? उडवलेलं दिसतंय व्हय?"

वळणावर उतरल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. एका खांबाला हात लावला, मग शेजारच्या, मग त्याच्याही शेजारच्या. असं करत त्या कड्याच्या पार टोकापर्यंत चालत गेल्या. मी रस्त्यातच उभा राहिलो.