साडूंचे पाच स्पीकर

आवाज म्हणजे काय हे अख्ख्या घुग्घुसमध्ये एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस माझा थोरला साडू आहे, हे मी फार पूर्वीच मान्य करून टाकलंय. मान्य न करणाऱ्याला त्यांच्याकडे चहा मिळत नाही. खाणीतून निवृत्त झाल्यावर लोक शेती घेतात, देवदर्शनाला जातात. यांनी पाच स्पीकर आणि छाती दणाणून सोडणारा एक जाडजूड डबा आणला. टीव्ही समोर असला तरी आवाज चारही बाजूंनी यायला हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणून एक स्पीकर फ्रिजवर, एक खिडकीत आणि मागचा डावा थेट देव्हाऱ्यावर. "देव कानात बोटं घालून बसले आता," एवढंच ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणाली.

जोडणीला तीन दिवस लागले. पडद्यावर चित्र हलायचं, स्पीकर मात्र मुके. साडूंनी कोळशाच्या धुळीला दोष दिला, विजेला दिला, शेवटी वायर धरून उभ्या असलेल्या मलाही दिला. टीव्हीच्या मागे सारखी दिसणारी तीन भोकं होती आणि त्यातल्या एकावरच बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलं होतं. आवाज स्पीकरकडे जायची वाट तीच. मी ते वाचून दाखवलं.

"मले माईतच होतं. तुमची परीक्षा घेऊन राह्यलो होतो," ते म्हणाले.

वायर त्या भोकात खुपसताच बातम्या देणारी बाई अशी गरजली, की फळीवरचे डबे नाचत खाली आले.

तेव्हापासून पाहुण्यांचे हाल सुरू झाले. खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची, खुर्चीत पाहुणा, आणि वर साडूंचा हुकूम, "मान हलवू नोका, आवाज बिघडते." मान न हलवता पोहे खायला मी तिथेच शिकलो.

गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा जंगलावरचा कार्यक्रम चालू होता. देव्हाऱ्यावरच्या स्पीकरमधून मोर ओरडला. मी दचकून वळलो. साडू समोरच पाहत होते.

"काऊन वळले?"

"मोर ओरडला ना."

ताई स्वयंपाकघरात आहे हे पाहून ते हळूच म्हणाले, "डावा कान गेला, साडभाऊ. खाणीतल्या सुरुंगांनी. उजवाबी चालला म्हणते डाक्टर. म्हून म्हटलं, आहे तोवर चारी बाजूनं ऐकून घ्याव."

मी खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला ओढून बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मोर आहे काय अजून?"

मोर केव्हाच थांबला होता.

"आहे," मी म्हणालो.