ऑक्टोपसची तीन हृदयं आणि माझा माईक

आमच्या आष्ट्यात कुठं माईक लावलेला दिसला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, कुस्त्यांचं मैदान, शाळेचं गॅदरिंग, फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या कुणाचं स्वागत, सूत्रसंचालन माझ्याकडं. नोकरी साखर कारखान्याच्या ऑफिसात, पण त्यासाठी मला गावात कुणी ओळखत नाही. 'ते बोलणारे' म्हणून ओळखतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ एवढंच आहे की मला बोलायला आवडतं, आणि माझ्या बोलण्यावर लोक हसले की त्याहून जास्त आवडतं.

माझी मुलगी चौथीत आहे. तिला वेड आहे ते प्राण्यांचं. आपली कुत्री-मांजरं नव्हेत. देवानं दुपारच्या झोपेतून उठून अर्धवट डोळ्यांनी बनवल्यासारखे जे प्राणी असतात, ते. खवल्या मांजर, उडता सरडा, पायानं चव घेणारं फुलपाखरू. तिच्या आईचं माहेर पाटणचं. तिथं गेलं की ही पोरगी शेकरू दिसेल म्हणून सकाळभर मान वर करून झाडाखाली उभी राहते आणि संध्याकाळी मानेला तेल लावून घेते.

या वेडाचं उगमस्थान साताऱ्यात. तिथं एक लेखिका राहतात. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर मुलांसाठी प्राण्यांची पुस्तकं लिहायला लागल्या. आमच्या वाचनालयातलं त्यांचं पुस्तक मुलीनं इतक्या वेळा घरी आणलं की शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "ठेव गं तुझ्याकडंच, रजिस्टरला पान उरलं न्हाई." बाईंची एक लकब आहे. प्रत्येक प्राण्याची गोष्ट संपली की शेवटी एक ओळ असते: हे खरं आहे, मी तपासलं आहे.

ती ओळ आमच्या घरात मुक्कामाला आली. मुलीचा मामा सैन्यात सुभेदार. सुट्टीवर आला की जेवायला येतो. एकदा मटणाच्या ताटावर तो नुकताच बसला होता आणि ही म्हणाली, "मामा, वॉम्बॅट नावाचा प्राणी असतो. त्याची शी चौकोनी असती."

मामाचा घास हातातच राहिला. "चौकोनी म्हंजे?"

"ठोकळ्यासारखी. हे खरं हाय. तपासलंय."

"कुणी तपासलंय?"

"साताऱ्याच्या बाईंनी."

मामा माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, देशासाठी आमी लय काय काय केलं, पण ह्या बाईंची ड्यूटी आमच्याच्यानं झाली नसती."

तर या बाईंना वाचनालयानं मुलांसाठी बोलवायचं ठरवलं. फोनवर त्या म्हणाल्या, "येईन. पण सत्कार वगैरे काही नको. मला फक्त मुलांशी बोलायचंय. आणि चारला मला निघू द्या, अंधारात प्रवास मला आता झेपत नाही." आम्ही "हो, हो" म्हणालो आणि शाली आणायला माणूस पाठवला. आमच्याकडं 'सत्कार नको' म्हणणं हा सत्काराचाच पहिला भाग धरतात. खरंच नको असेल अशी शंका कमिटीतल्या एकालाही आली नाही. मलाही नाही.

दहा मुलांनी एकेक प्रश्न विचारायचा, असं ठरलं. मुलीचं नाव यादीत होतं. कार्यक्रम शनिवारी, आणि शनिवारची शाळा सकाळची. शाळेत सोडायला निघालो तेव्हा ती गाडीवर मागून माझ्या कानाशी आली.

"पप्पा, माझा प्रश्न सांगू? पण कुणाला सांगायचा न्हाई."

"न्हाई सांगत."

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. बाईंनी लिहिलंय. पण तो घाबरला की तिन्ही धडधडतात, का एकच? हे लिहिलेलं न्हाई. मला वाटतं त्यांनी ते तपासायचं राहिलंय. मी विचारलं की त्या तपासतील, आणि मग पुढच्या पुस्तकात येईल."

शाळेच्या फाटकाशी उतरताना तिनं परत बजावलं, "आणि पप्पा, ऑक्टोपस मासा न्हाई. तुमी दर वेळी मासा म्हणता."

दुपारी दोनला कार्यक्रम. हॉल मुलांनी भरलेला. पुढच्या खुर्च्यांवर मात्र मोठी माणसं, कारण पुढच्या खुर्च्या कायम मोठ्या माणसांच्याच असतात. बाई ठेंगण्या, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी हातातलं घड्याळ सोडून समोर टेबलावर ठेवलं. मास्तर लोकांची सवय. मला ते घड्याळ माईकपाशी उभं राहून स्वच्छ दिसत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ती विसरायचा बराच प्रयत्न केला आहे.

प्रश्नांच्या रांगेत मी माझ्या मुलीला सगळ्यात शेवटी उभं केलं. घरचं पोर पुढं केलं असं कुणी म्हणायला नको. तेव्हा मला माझाच फार अभिमान वाटला होता.

दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार. आधी बाईंचा, वाचनालयाच्या अध्यक्षांच्या हस्ते. मग अध्यक्षांचा, उपाध्यक्षांच्या हस्ते. मग उपाध्यक्षांचाही करायला लागला, कारण त्यांनी दुसऱ्याचा केला होता. एवढ्यात हॉलच्या दारातून चिठ्ठ्या यायला सुरुवात झाली. ज्यांनी सूत्रसंचालन केलं आहे त्यांना या चिठ्ठ्या माहीत असतील. 'यांचेही नाव घ्यावे.' 'माजी सरपंच आत्ताच आलेत.' नाव नाही घेतलं तर माणूस पुढची दोन वर्षं रस्त्यात तोंड फिरवून जातो. पण नुसतं नाव घेऊन भागलं असतं. मी प्रत्येक चिठ्ठीवर चार वाक्यं जोडत होतो. एकाला वटवृक्ष केलं, एकाला दीपस्तंभ. मागं शिक्षक हसायला लागले, तसा मला जोर चढला.

आणि अध्यक्षांबद्दल बोलताना वटवृक्ष संपलेले होते. काहीतरी नवीन पाहिजे होतं. मी म्हणालो, "मित्रहो, समुद्रात ऑक्टोपस नावाचा एक मासा असतो. त्याला एक नाही, दोन नाही, तीन हृदयं असतात. आमच्या अध्यक्षसाहेबांनाही तीन हृदयं आहेत. एक वाचनालयासाठी धडधडतं, एक ऊस उत्पादकांसाठी, आणि एक तुम्हा बालगोपाळांसाठी."

टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "आन् हात आठ."

हॉल फुटला. अध्यक्षांच्या कारभाराबद्दल गावात जे काय बोललं जातं, ते त्या तीन शब्दांत सगळं आलं होतं. अध्यक्षांचा चेहरा डोक्यावरच्या लाल फेट्याच्या रंगाचा झाला. शहाण्या माणसानं तिथं पुढचा कार्यक्रम घेतला असता. मी म्हणालो, "होय, आठ हात. आणि आठही देणारे." मग तर लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले. आता अध्यक्षांना सावरणं भाग होतं. मी त्यांचं बालपण काढलं. त्यांच्या वडिलांची कुस्ती काढली. पुरात त्यांनी वाटलेली पोती काढली.

मध्येच बाई माझ्याकडं वळून हळू म्हणाल्या, "मासा नाही तो." मी हसून मान हलवली आणि पुन्हा पुराकडं वळलो.

मुलगी रांगेत होती. वही दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मासा म्हणालो तेव्हा तिनं डोळे मिटले होते, तीन हृदयं म्हणालो तेव्हा उघडले. मी तिच्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली. घड्याळात सव्वातीन वाजले होते. तेही मी बघितलं. इथंच खरी लाज आहे. वेळ कसा गेला कळलंच नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मला सगळं दिसत होतं. लोक हसत होते, म्हणून मी थांबलो नाही.

बाई अर्धा तास फार सुंदर बोलल्या. चारला पाच मिनिटं उरली तेव्हा प्रश्न सुरू झाले. अध्यक्षांच्या नातवानं विचारलं, "तुम्हाला किती पुरस्कार मिळाले?" त्याच्या मागच्या मुलीनं विचारलं, "तुमचा आवडता प्राणी कोणता?" आणि ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. बाईंनी उरलेल्या रांगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घड्याळ मनगटावर बांधलं. "राहिलेल्यांनी मला पत्र लिहा," म्हणाल्या. मग शाल, श्रीफळ आणि आमचं भलंमोठं मानचिन्ह ड्रायव्हरनं गाडीत ठेवलं.

आभारप्रदर्शनही मीच केलं.

घरी जाताना मुलगी गाडीवर मागं बसली, पण तिनं माझा शर्ट धरला नाही. सीटच्या मागची लोखंडी कडी धरून बसली. मी म्हणालो, "बाळा, पत्र लिहू आपण." ती म्हणाली, "आता काय लिहायचं. प्रश्न तुमीच सांगितला की."

"आगं, प्रश्न कुठं सांगितला? मी नुसती हृदयं सांगितली."

इतकं भिकार उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

दारात बायको उभी. तिच्या मोबाईलवर 'आठ हातां'चा व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता. तिनं पोरीला आत घेतलं, मग मला विचारलं, "आवं, पोरीचं विचारून झालं का?"

"वेळ न्हाई मिळाला."

"कुणाला?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत मित्रांचे फोन आले. "गड्या, आठ हात लय भारी झालं." पहिल्या दोन फोनांना मी हसलो. तिसरा फोन घेतला तेव्हा मुलगी समोर बसून वहीतलं एक पान फाडत होती. रागानं नव्हे, पट्टी लावून, सरळ. तो फोन मी पुरता ऐकला नाही.

त्यानंतर आमच्या जेवणातले प्राणी संपले. म्हणजे माझ्यापुरते. स्वयंपाकघरात आईशी ती हळू आवाजात बोलायची, मी आलो की गप्प. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "जिराफाला म्हणे आवाजच नसतो."

"तपासलं का?"

"मोबाईलवर आलं होतं."

"मग न्हाई तपासलं," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

शेवटी वाचनालयातून नंबर घेऊन मी बाईंना फोन केला. नाव सांगितलं, ओळख पटेना. मग लाज गिळून म्हणालो, "ते आठ हात..." "अच्छा, तुम्ही का ते." मी सगळं सांगितलं, घड्याळासकट. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण असावं. त्या म्हणाल्या, "रविवारी सकाळी घेऊन या तिला. आणि येताना शाल आणू नका."

एसटीनं साताऱ्याला गेलो. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, सगळीकडं पुस्तकं, आणि आमचं मानचिन्ह दाराला टेकण म्हणून लावलेलं. वाऱ्यानं दार आपटत असावं. मुलगी उंबऱ्यात थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, तुमी भाईरच बसा."

बाईंनी एका शब्दानंही मला आत बोलावलं नाही. गॅलरीत खुर्ची टाकली, वर्तमानपत्र दिलं, मधलं दार लावून घेतलं. मी तासभर एकच पान वाचत होतो. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा मुलगी बराच वेळ बोलली. एकदा बाई मोठ्यांदा हसल्या. मग कपाट उघडल्याचा, जाड पुस्तक टेबलावर ठेवल्याचा आवाज. समोर अजिंक्यतारा, त्याच्याकडं बघत मी बसलो. शेजारच्या गॅलरीतल्या आजोबांनी विचारलं, "आत काय चाललंय हो?" मी म्हणालो, "मला माहीत न्हाई." गावात कुणाला हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मांडीवर बाईंनी दिलेलं एक जुनं पुस्तक. कराड येईपर्यंत मी दम धरला.

"मग? तिन्ही धडधडतात का एक?"

"न्हाई सांगणार."

"का?"

"तुमी माईकवर सांगाल."

मला म्हणायचं होतं, नाही सांगणार, शप्पथ. पण तोंड उघडलं आणि मिटलं. तिला माझी खात्री नव्हती, आणि मलाही नव्हती.

पेठ नाका जवळ आला तसं तिनं पुस्तक बंद केलं. मग म्हणाली, "पप्पा, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. हे तुमी सांगितलं तरी चालंल."

"खरं हाय हे?"

"तपासा की."

मी तपासलं. वाचनालयात बसून, दोन पुस्तकांत. खरं आहे. अजून कुठल्याही माईकवर सांगितलेलं नाही.

ऑक्टोपसचं मात्र मला आजही माहीत नाही. मोबाईलवर दोन मिनिटांत सापडेल, बायकोही म्हणते, एकदाचं बघा आणि सुटा. पण मी बघत नाही. कधीतरी पोरगी गाडीवर मागून कानाशी येईल आणि स्वतःहून सांगेल, तेव्हा ते मला आधीच ठाऊक असायला नको. सध्या ती शर्ट धरून बसते, एका हातानं. दुसरा अजून कडीवरच असतो.