सडव्याचा आवाज

दुपारी मी अन् माझ्या बायकोनं घरापुढच्या सपरीत बसून चहा घेतला. मग तिनं कोपऱ्यातल्या मडक्याला कान लावला. मडक्यात मोहफुलांचा सडवा होता, पाच-सहा दिवसांपासून आंबत.

"माझ्याशी बोलत नाई, मडक्याशी बोलते," मी म्हटलं.

"मडकं बोलण्याच्या मधात तोंड नाई घालत," ती म्हणाली. "अजून बडबडून राह्यलं. उद्या सकाळी चूप होईन."

आत जाऊन खाटेवर पडली. पुन्हा उठली नाही.

सडवा प्यायला-विकायला नव्हता. चंद्रपूरकडच्या ज्या जुन्या दारूच्या कारखान्यात आमची उमर गेली, तो बंद पडल्यावर मालकांनी सगळं सामान एका अभिलेखागाराला दिलं. तिथल्या बाई आम्हा दोघांना पाहायला घेऊन गेल्या. मी चार बुकं शिकलेला माणूस. मले वाटलं, भंगाराचं गोदाम असेल. आत पाय ठेवला. भर उन्हाळ्यात आत थंडगार. बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या, ज्या आम्ही पायाखाली तुडवल्या, त्या एकेक पातळ कागदात निजवलेल्या. हौद ढवळायचं लाकडी वल्हं, त्यावर आमच्याच हातांनी पडलेले खळगे. एक जण हातमोजे घालून ते उचलत होता, आठ दिवसांचं लेकरू उचलावं तसं.

"हे किती दिवस राहीन?" तिनं विचारलं.

"दोनशे वर्षं राहावं, असं ठेवतोय आजी," तो म्हणाला.

तिनं वल्ह्यावरच्या खळग्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आवाज ठेवता का?"

सडवा भट्टीवर कधी चढवायचा, हे कारखान्यात तीच सांगायची. हौदाला कान लावून. मी भट्टीत लाकडं टाकणारा. तिनं सांगितलं की जाळ लावायचो. काय ऐकते, कधी विचारलं नाही. बाईंनी रीतसर परवानगी काढली, तिनं घरी मडक्यात सडवा घातला. सडवा चूप होतानाचा आवाज अन् तिचं सांगणं मशीनमध्ये भरून घ्यायला बाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी सांडतात. त्याच सांजेला तिला मसणात पोचवून आलो, तर माझी बहीण एकेक भांडं पालथं करत सपरीपर्यंत आलेली. मडक्याला तिनं हात घातला.

"ते ठेव."

"मयतीच्या घरी भरलं मडकं ठेवतेत का, भाऊ? डोकं फिरलं का तुझं?"

"ते पाणी नाई. तिचं काम हाय. अर्धं राह्यलं."

बहीण पदर तोंडाला लावून बाजूला झाली. मी मडक्याला पाठ लावून बसलो.

सकाळी बाई आल्या. दारातली माणसं पाहून समजल्या, मागं फिरायला लागल्या.

"बाई, मडकं थांबणार नाई," मी म्हटलं. "मशीन काढा."

त्यांनी मशीन जवळ धरलं अन् मी जन्मात पहिल्यांदा कान लावला. आत कोणी सुपात तांदळाचे दाणे टाकत होतं, एकेक. चाळीस वर्षं हे माझ्यापासून दहा हातांवर चालू होतं अन् मी लाकडं फोडत होतो! मग दाण्यांत अंतर पडत गेलं. एक. लय वेळानं अजून एक. मग काहीच नाही. बाई मशीन बंद करायला लागल्या. म्हटलं, राहू द्या, मले खात्री नाई. अजून थोडं ऐकलं. मग मशीनजवळ तोंड नेऊन सांगितलं, आता सडवा तयार आहे. हे ओळखणारी काल गेली, मी अंदाजानं सांगतो आहे.