मामांची शास्त्रशुद्ध उपासमार

काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची, तेच समजत नाही. चहा घ्या आधी. तर, गेल्या वर्षी माझ्या घरी एका म्हाताऱ्या माणसाची उपासमार झाली. साधीसुधी नाही हं, अगदी शास्त्रशुद्ध. करणारा मी.

माझे सख्खे मामा ग्वाल्हेरला असतात. रिटायर्ड मास्तर, ऐंशीच्या घरातले. टायफॉइड होऊन गेला आणि माणूस निम्मा झाला. त्यात हर्नियाचं दुखणं. इथले झाशीचे डॉक्टर म्हणाले, "इतनी कमज़ोरी में ऑपरेशन नहीं करूँगा. महीना भर ठीक से खिलाइए, वज़न बढ़े तो देखेंगे." मामांची मुलगी सुधा भोपाळला नोकरी करते, तिला रजा मिळेना. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामांना माझ्याकडे सोड. आहाराचं मी बघतो."

बायको तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेली. पण मला तिची गरज काय? मी मोबाइलवर आहाराचे इतके व्हिडिओ पाहिले होते की सदर बाजारातल्या आमच्या ऑफिसात लोक मला फाइलींपेक्षा प्रोटीनबद्दल जास्त विचारायचे. म्हणजे ते विचारायचे नाहीत, मीच सांगायचो.

एका व्हिडिओतलं वाक्य मी मनावर घेतलं होतं. वृद्धांवर खाण्याची जबरदस्ती करू नका, त्यांच्या नकाराचा मान ठेवा. किती सुंदर विचार! आमच्या झाशीतल्या मराठी घरांत काकू-आत्यांच्या पिढ्यान् पिढ्या पाहुण्यांना आग्रह करकरून वाढण्यात गेल्या. मला तो निव्वळ मागासलेपणा वाटायचा.

पहिल्या दिवशी मी मुगाची खिचडी, वर तूप, पनीरची भाजी असा बेत केला. मामा चवीनं जेवले. मी अदबीनं विचारलं, "मामा, आणखी वाढू?"

"नको, नको. झालं."

मी लगेच भांड्यावर झाकण ठेवलं आणि भांडं फ्रिजमध्ये टाकलं. फ्रिजचं दार बंद होईपर्यंत मामा त्या भांड्याकडे बघत होते. मला वाटलं, भाच्याचा टापटीपपणा बघतायत.

दुसऱ्या दिवशीही तेच. विचारलं, नको म्हणाले, भांडं फ्रिजमध्ये. मग मी पुन्हा व्हिडिओ पाहिला. त्यात म्हटलं होतं, भरलेलं ताट बघून म्हाताऱ्यांना दडपण येतं, कमी वाढा. मी कमी वाढलं. तरी मामा नकोच म्हणाले. मी आणखी कमी वाढलं. करता करता मामांच्या ताटात खिचडी शोधावी लागायला लागली, आणि तरी गृहस्थ नकोच म्हणतोय.

मी बायकोला फोन केला. "अगं, मामांची भूकच गेलीय."

"नीट वाढतोस ना?"

"विचारून वाढतो. प्रत्येक वेळी."

तिकडे बाळ रडायला लागलं आणि फोन कटला. मग मी भूक वाढवायचं टॉनिक आणलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. आधी भूक वाढवायची आणि मग भांडं उचलून न्यायचं, असे उपचार करणारा झाशीत मीच पहिला असेन.

आता गंमत पुढे आहे. एका रविवारी दतिया गेटचे बापट काका हातात मोठी पिशवी घेऊन आले. ते मामांना आदल्याच दिवशी आपल्या मराठी मंडळात भेटले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विनू, कसं चाललंय रे घरात?"

मला वाटलं, मामांबद्दल विचारतायत. म्हणालो, "काय सांगू काका, अवघड आहे. दोन घास खाणं मुश्किल झालंय."

काकांचे डोळे भरून आले. "लपवू नकोस रे. आपली माणसं कशासाठी असतात?" पिशवीत तांदूळ आणि तूरडाळ होती. म्हटलं, मामांच्या पोषणासाठी आणलंय. मी उलट त्यांनाच ऐकवलं की तांदळात प्रोटीन कमी असतं. ते नुसती मान हलवत निघून गेले.

मग एका काकूंनी लाडू धाडले. दुसऱ्या कोणी तुपाचा डबा दिला. मंडळाच्या सेक्रेटरीनं हळूच विचारलं, "भैया, नौकरी तो सलामत है?" लोकांना मामांची केवढी काळजी, असं म्हणून मी सगळं ठेवून घेत गेलो.

महिना संपला. मी मामांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वजन कमी भरलं तर ऑपरेशन लांबणार, आणि सुधाला तोंड कसं दाखवायचं? मामा काट्यावर चढले आणि काटा चक्क पुढे गेला. डॉक्टर खूश. "वाह, क्या खिलाया आपने?"

झालं. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात मी भाषण ठोकलं. कमी वाढा, जबरदस्ती करू नका, नकाराचा मान ठेवा. एक बाई तर मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. मामा शेजारी बसून छताकडे बघत होते.

घरी येतो तो सुधाचा फोन. रडत होती. "विनूदादा, तुझी पैशांची इतकी ओढाताण चाललीय हे आधी सांगितलं असतंस तर बाबांना तुझ्याकडे ठेवलंच नसतं. बाबा म्हणाले, दोन चमचे वाढतो आणि भांडं आत ठेवतो बिचारा. आणि बाबा टॉनिकवर दिवस काढतायत."

मी फोन ठेवला आणि मामांसमोर उभा राहिलो. "मामा, तुम्हीच नको म्हणायचात ना?"

"मग काय, पहिल्याच विचारण्याला हो म्हणू? भाच्याच्या घरी? हावरटासारखा?" मामा शांतपणे म्हणाले. "अरे, तू पुन्हा विचारलंस की थोडं घालू म्हणायचं, अशी रीत असते. तू पुन्हा विचारलंसच नाहीस. मला वाटलं, घरात नसेल. म्हटलं, पोराला उरू दे."

"आणि वजन कसं वाढलं?"

तेवढ्यात समोरच्या घराच्या दारातून तिवारी भाभींची हाक आली. मामा रोज दुपारी त्यांच्याकडे पेपर वाचायला जायचे. निदान मला तरी तसं वाटायचं. भाभी मामांना म्हणत होत्या, "काए मम्माजी, आज आए नईं? पूड़ी ठंडी हो रईं." मामा चपला घालत म्हणाले, "ती विचारत नाही. सरळ वाढते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण ऑपरेशन छान पार पडलं, आणि सुधा मामांना न्यायला आली तेव्हा बापट काकांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत होता. मी सकाळपासून मुद्दाम पोट रिकामं ठेवलेलं. काकू पोळ्यांचं ताट घेऊन माझ्यापाशी आल्या. "विनू, वाढू आणखी एक?"

आता मी सुधारलेला माणूस. रीत कळलेली. लाजून ताटावर आडवा हात धरला आणि म्हणालो, "नको, नको काकू. झालं."

शेजारी मामा तिसरी पोळी तुपात बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला आग्रह करू नका हो वहिनी. त्याच्या नकाराचा मान ठेवावा लागतो."

काकू पुढे गेल्या. आणि मी त्या पोळ्यांकडे बघत राहिलो, फ्रिजचं दार बंद होईपर्यंत मामा बघायचे ना, अगदी तसा.