वहीतली बारा फेब्रुवारी

दुपारची जेवणं झालीत, भांडी तशीच मोरीत पडलीत आणि मी आत्याबाईंच्या कॉटवर आडवी झालेय. झोपायला नव्हे हं. चार वाजायच्या आत वहीतलं एक पान फाडायचंय, म्हणून वही घेऊन इथं आलेय. पण शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा एका लयीत थपथप वाजतोय, वर पंखा फिरतोय, आणि डोळे काही माझं ऐकत नाहीत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन अकरा महिने झाले. शेवटची दोन वर्षं त्यांना काल काय झालं ते आज आठवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज दोन ओळी लिहीत जा आणि सकाळी त्यांना वाचून दाखवत जा. म्हणून ही वही. ‘पेज घेतली. अंघोळीला नको म्हणाल्या. संपतचं नाव बरोबर सांगितलं.’ मी वाचायची, त्या मान हलवायच्या. वहीत आहे ना, मग झालं असणार, म्हणायच्या.

आता ती वही माझे मिस्टर, म्हणजे आत्याबाईंचा संपत, वाचतात. तेव्हा हे पुण्याला नोकरीत होते, महिन्यातून एकदा यायचे. आता रिटायर होऊन घरी आलेत आणि रोज चारच्या चहाबरोबर मागच्या वर्षीचं त्याच तारखेचं पान काढून बसतात. “शालन, आईचं फार केलंस गं तू,” म्हणतात. मी चहा अर्धा टाकून उठते. आज बारा फेब्रुवारी. त्या पानावर एकच शब्द आहे. ‘शांत.’

पान चिमटीत धरलेलं असतानाच पायथ्याशी कुणीतरी बसतं. गादी दबत नाही.

“सरक की जरा. सगळी कॉट अडवून बसलीस,” आत्याबाई म्हणतात.

अंगावर तेच विटकं जांभळं पातळ. मला भीती वाटत नाही. उलट रागच येतो, नेहमीसारखा, की आता आणखी काय हवंय हिला!

“आज काय लिहिलंस?”

“काही नाही. आता कुणासाठी लिहायचं?”

“माझ्यासाठी. वहीत आहे तेवढंच माझ्यापाशी राहिलंय बाई. लग्न आठवत नाही, संपतच्या वेळचं बाळंतपण आठवत नाही. पेज आठवते. गोळ्या आठवतात. तू केस विंचरलेस ते आठवतं, तीनदा.”

“तीनदा? अहो, रोज विंचरायची मी!”

“तीनदाच लिहिलंस.”

खरंच रोज विंचरायची हो. लिहायचा कंटाळा केला, दुसरं काय.

मग माझं लक्ष जातं. त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलंय.

“हे सारखं ठणकतंय बघ. कशानं झालं, काही केल्या आठवत नाही.”

“डास चावला असेल,” मी म्हणते. मागच्या वर्षी तेरा फेब्रुवारीच्या सकाळीही मी हेच म्हणाले होते. तेव्हा त्यांनी मान हलवली होती. आज हलवत नाहीत.

कॉटचा लोखंडी कठडा माझ्या पाठीला गार लागतो. तो विट्याच्या एसटी स्टँडवरच्या बाकाचा कठडा आहे. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलोय. फलाटावर चिटपाखरू नाही. कर्ण्यावरून पुकारतायत, “सकाळी आठ वाजता पेज. दहा वाजता अंघोळ. दुपारी दोन वाजता शांत. फलाट क्रमांक तीनवर शांत.”

“इथं कशाला आणलंस मला?”

“मी नाही आणलं. मी एकटीच आले होते.”

“कधी गं?”

समोर एक लाल गाडी येऊन उभी राहते. तिच्या दाराला जुन्या पातळाचा काठ बांधलेला आहे, हिरवा. गाठ मी ओळखते. माझीच निरगाठ.

“लिही की,” आत्याबाई म्हणतात. “वही आहे ना हातात?”

आहे. पेनही आहे.

“लिहिलं तर हे वाचतील, आत्याबाई.”

“वाचू दे. हात त्याचा ठणकतोय का माझा?”

मी लिहायला लागते, आणि सकाळी वाचायची तसं मोठ्यानं म्हणते. “दुपारी दोन वाजता तुमचा हात कॉटला बांधला. तुम्ही सारख्या उठून रस्त्यावर जायच्या. शेजारणीला बसवायची लाज वाटली. दार ओढून घेतलं आणि स्टँडवर आले.”

“काय काम होतं?”

“काही नाही. एक वडा खाल्ला. गाड्या बघत बसले. पावणेपाचला परत गेले.”

“गरम होता का वडा?”

“होता.”

“बरं झालं,” त्या म्हणतात, आणि मला इतकं रडू येतं की अक्षर दिसेना. त्या थांबत नाहीत. “आणि मी काय करत होते?”

“मला काय माहीत? मी नव्हते ना.”

“हाका मारल्या असतील मी.”

मारल्याच होत्या. मी परतले तेव्हा मनगटाचं साल निघालं होतं आणि घसा असा बसला होता की दोन दिवस धड आवाज फुटला नाही. ह्यांनी फोनवर विचारलं, आईच्या आवाजाला काय झालंय? म्हटलं, थंडी.

“त्या हाका लिही.”

“मला ऐकू नाही आल्या. कशा लिहू?”

“ऐकायला तू नव्हतीस, तसं लिही. तेवढं तरी खरं लिही गं.”

मी लिहिते. त्या वही ओढून घेतात आणि बोट फिरवत एकेक अक्षर वाचतात. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत जातो.

“हं. आता आठवलं.”

“चुकले हो, आत्याबाई. फार चुकले.”

“नसतं आठवलं तर बरं होतं,” त्या म्हणतात. “पण माझं आहे ते. माझ्यापाशी असू दे.”

माफ केलं म्हणत नाहीत. उठून गाडीकडे जातात. आता त्या काठाचं दुसरं टोक त्यांच्या मनगटाला आहे. मी धावत जाऊन गाठ सोडवायला बघते. नखं मोडतात, गाठ सुटत नाही. कंडक्टर नाही, ड्रायव्हर नाही, तरी गाडी हलते.

“चहा ठेवलास का गं?”

ह्यांचा आवाज. डोळे उघडतात. गिरणी बंद झालीय. टोपण काढलेलं पेन कुशीखाली आहे आणि चादरीवर शाईचा निळा डाग पसरलाय. पान फाटलेलं नाही. ‘शांत’च्या खाली वाकड्या अक्षरात, माझ्याच, एक ओळ आहे. ‘हात बांधून गेले. हाका मारल्या. मी नव्हते.’

हे चष्मा पुसत दारात उभे आहेत. “काय खाल्लं होतं आज आईनं?” म्हणत नेहमीसारखा हात पुढे करतात.

एक पान फाडायला कितीसा वेळ लागतो! बोटं पानावरच आहेत माझी. शाई अजून ओली आहे, बोटाला लागते.

मी वही त्यांच्या हातात देते. चहा ठेवायला उठत नाही, तिथंच बसून राहते. ओळ एवढीशीच आहे, पण ह्यांना ती वाचायला फार वेळ लागतो.