ओली भिंत

महामारीत सीमा बंद झाल्या आणि माझा नवरा ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या आमच्या घरीच अडकला. एरवी त्याचं निम्मं काम टांझानियातल्या सोन्याच्या खाणीवर असायचं. आसपासच्या गावांत मलेरियाच्या डासांसाठी घरोघरी फवारणी करून घेणं हा त्याचाच एक भाग. आता तो ते डायनिंग टेबलवरून करत होता. पुण्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाईही अडकल्या होत्या. कुणी पार्सल ठेवून गेलं की त्या दाराची कडी जंतुनाशकाने पुसायच्या.

फवारलेल्या भिंतीवर बसलेला डास मरतो. त्या हंगामात मरत नव्हता. नवऱ्याचा संशय तिथल्या सुपरवायझरवर होता: औषध बाहेर विकलं, भिंतींवर नुसतं पाणी मारलं. म्हणून फवारणी पुन्हा करायला लावली; ती काल झाल्याचं सुपरवायझरने कळवलं, सोबत रिकाम्या पाकिटांचे फोटो.

"पाकिटं काय, कुणीही रिकामी करेल," मी म्हणाले. बातमीदारीतली सवय.

त्याला कामावरून काढल्याची मेल लिहून तयार होती. एक व्हिडिओ कॉल करायचा आणि पाठवायची.

कॉल संध्याकाळी लागला. सुपरवायझर स्वतःच्या घरातून बोलत होता, तुटक.

"तुझ्या घरी फवारणी झाली?"

"झाली," म्हणून त्याने मान खाली घातली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

चहा घेऊन आलेल्या सासूबाई मागे थांबल्या. "ती भिंत आत्ताच लिंपलीय रे."

"आई, कॉल चालू आहे."

"त्याला कुठे मराठी कळतंय? हात फिरल्याच्या कमानी बघ. खाली ओल आहे अजून. औषध मारलं कधी नि लिंपली कधी, विचार की."

नवऱ्याने विचारलं. सुपरवायझरने मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

मग तो म्हणाला, फवारणीनंतर लगेच लिंपली, त्याच्या आईने. मागच्या वेळीही. तोंड झाकलेली परकी माणसं घरात येतात आणि भिंतीला आजार लावून जातात, असं गावात बोलतात. बायका औषधावर माती चढवतात.

"आधी का नाही सांगितलंस?"

"लोकांना समजावायचं काम माझं. माझ्याच घरात ऐकत नाहीत, हे तुम्हाला कसं सांगू?"

तरीही नवऱ्याचा विश्वास बसेना. "शेजारची घरं दाखव."

सुपरवायझर फोन घेऊन बाहेर पडला. पहिल्या घराची भिंत ओली होती. दुसऱ्या घरातल्या बाईने फोनमधल्या आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

नवऱ्याने मेल खोडली.